भुयारी रेल्वेच्या कामाच्या गाड्या: बॅटरी इंजिनं, वाघिणी आणि रात्रीचे चार तास

रूळमापक

भुयारी रेल्वेच्या प्रवासी गाड्यांवर या विभागात बरंच लिहून झालंय. शेवटची प्रवासी गाडी गेल्यावर त्याच बोगद्यात शिरणाऱ्या कामाच्या गाड्यांवर मात्र एकही धागा सापडला नाही, म्हणून हा काढतोय. रूळ, स्लीपर, केबल, खडी, काँक्रीट, जुनं भंगार, सगळं याच गाड्यांतून आत-बाहेर होतं, कारण खोल बोगद्यात दुसरी वाटच नसते. उदाहरणं मुख्यतः लंडन अंडरग्राउंडची देतो. तिथले ट्यूबचे (खोल, गोल नळीसारखे) बोगदे फार अरुंद आहेत (आतला व्यास साधारण ३.५६ मीटर) आणि बॅटरी इंजिनांची परंपरा जुनी आहे.

मूळ पेच असा. प्रवासी गाडी ज्या रुळातून करंट घेते तो रूळ काम करणाऱ्याच्या घोट्याजवळ असतो. माणसं खाली उतरवायची तर करंट बंद करायला हवा, आणि करंट बंद केला की साधं विजेचं इंजिन जागच्या जागी थांबतं. १८६३ साली मेट्रोपॉलिटन रेल्वे वाफेवर सुरू झाली तेव्हा बोगदे उथळ होते, मधूनमधून वर उघडे होते, त्यामुळे कसंबसं निभावलं. उथळ मार्गांवर लंडन ट्रान्सपोर्टच्या कामाच्या गाड्या वाफेची पॅनियर टँक (बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेली) इंजिनं थेट १९७१ पर्यंत ओढत होती. खोल ट्यूबमध्ये वाफेचा प्रश्नच नव्हता.

तिथे उत्तर निघालं ते दोन्हींवर चालणाऱ्या इंजिनाचं. रुळात करंट असेल तर शू (रुळावर घासत वीज घेणारा धातूचा तुकडा) खाली टेकवून रुळावरून चालायचं, नसेल तर पोटातल्या बॅटरीवर. लंडनमध्ये १९३८ साली ग्लॉस्टरच्या कारखान्यातून अशी इंजिनं आली, १९६०च्या दशकात मेट्रो-कॅमेल कारखान्याची, १९७३-७४ मध्ये डॉनकास्टरची, १९८५-८६ मध्ये पुन्हा मेट्रो-कॅमेलची. ठेवण जवळपास तीच राहिली: दोन्ही टोकांना केबिन, मधल्या भागात बॅटरीचे खण, चारही आस चालते. उंची ट्यूबच्या छपराला बेतलेली, त्यामुळे हीच इंजिनं उथळ, रुंद मार्गांवरही चालतात. उलट जमत नाही.

नेहमीची रचना म्हणजे पुढे एक इंजिन, मागे एक, मध्ये वाघिणी (मालाचे डबे). कारण साधं आहे. कामाच्या जागी इंजिन पलीकडच्या टोकाला नेऊन लावायला बाजूची लाइन नसते. ज्या तोंडाने आत गेलात त्याच्या उलट दिशेने बाहेर यायचं असतं, आणि दोन्ही वेळा चालवणारा पुढच्या केबिनमध्ये हवा.

बॅटरी, चढ, ब्रेक, वाघिणी, ज्याला जे नीट ठाऊक आहे ते लिहा. आकडे द्या.

---

चौथा_रूळ

सुरुवात करंटपासून करतो, कारण चूक महागात पडते ती इथेच.

लंडनमध्ये करंटचे रूळ दोन. बाहेरच्या बाजूला धन, मधोमध ऋण. दोघांमध्ये ६३० व्होल्ट, पण जमिनीच्या मानाने धन साधारण +४२० आणि ऋण साधारण −२१०. म्हणजे मधला रूळ "ऋण आहे, चालतो" असं समजून कुणी पाय ठेवला तर २१० व्होल्ट आहेतच. त्यात धन रुळाला कुठे जमिनीचा स्पर्श झालेला असेल तर सगळा डोलारा सरकतो आणि मधला रूळ जमिनीच्या मानाने ६३० पर्यंत जाऊ शकतो. गाड्या मात्र धावत राहतात, कारण एका बाजूचा बिघाड सर्किट तोडत नाही. म्हणून तपासणी तीन जोड्यांची करायची: धन-ऋण, धन आणि चालता रूळ (ज्यावर चाकं धावतात तो), ऋण आणि चालता रूळ. तपासायचं उपकरण आधी आणि नंतर खात्रीच्या स्रोतावर लावून चालतंय ना हे पाहायचं. आधी पाहून नंतर न पाहणं म्हणजे तपासणी अर्धीच झाली.

रात्रीचा क्रम ढोबळ असा. कामाची गाडी शेवटच्या प्रवासी गाडीच्या मागोमाग, करंट चालू असतानाच, रुळावरच्या विजेवर कामाच्या हद्दीपर्यंत पोचते. त्यामुळे बॅटरी वाचते. गाडी उभी राहिली, ब्रेक लागले, की नियंत्रण कक्षाला कळवायचं. करंट बंद होतो, त्याची पोच येते, मग जागेवर तपासणी, मग धन-ऋण रूळ एकमेकांना जोडणारा शॉर्ट-सर्किट बार. हा बार करंट बंद करण्यासाठी नाही. कुणी चुकून करंट सोडला तर उपकेंद्रातला ब्रेकर लगेच उडावा यासाठी तो आहे. त्यानंतरच माणसं खाली.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. करंटचे रूळ भागांत तोडलेले असतात आणि दोन भागांमध्ये मोकळी फट असते. इंजिनाच्या पुढच्या आणि मागच्या बोगीचे (चाकांच्या सांगाड्याचे) शू आतून एकाच तारेने जोडलेले असतात, नाहीतर फटीवरून जाताना दर वेळी वीज तुटली असती. पण पुढचा भाग बंद आणि मागचा चालू असताना इंजिन त्या फटीवर उभं राहिलं, तर इंजिनाच्या पोटातूनच चालू भागाची वीज बंद भागात जाते. शॉर्ट-सर्किट बार लावलेला असेल तर ब्रेकर उडेल आणि शू जळतील. बार लावायच्या आधीचा क्षण असेल तर माणसं धोक्यात. म्हणून कामाच्या हद्दीत शिरण्याआधी इंजिन बॅटरीवर घ्यायचं, शू वर उचलून अडकवायचे किंवा त्यांच्याखाली लाकडी पट्ट्या सारायच्या, आणि प्रत्येक शू हातातल्या दिव्याने डोळ्यांनी पाहायचा. दोन इंजिनं म्हणजे दोन्हींचे सगळे शू. केबिनमधला दिवा "शू वर" दाखवतो यावर विसंबायचं नाही. एखादा शू बिजागरीत अडकून खालीच राहतो आणि दिवा मात्र सिलिंडरची जागा दाखवत असतो.

ट्यूबमध्ये आणखी एक जुनी सोय आहे: भिंतीवरून जाणाऱ्या दोन उघड्या तारा. त्या एकमेकींना चिमटल्या की त्या भागातला करंट तुटतो, आणि हँडसेटच्या क्लिपा लावल्या की नियंत्रण कक्षाशी बोलता येतं. ही आणीबाणीची सोय. ठरवून केलेल्या बंदीच्या जागी ती वापरायची नसते.

---

धनाग्र

बॅटरीवर लिहितो, जरा लांबेल.

लंडनच्या इंजिनांत शिसे-आम्लाचे १६० सेल ओळीने जोडलेले, म्हणजे नाममात्र ३२० व्होल्ट. रुळावर ६३०, बॅटरीवर त्याच्या निम्मे. त्याच मोटरी निम्म्या व्होल्टेजवर चालल्याने वेग आपोआप कमी राहतो आणि कामाच्या गाडीला तेच हवं असतं.

अशा सेलची क्षमता पाच तासांच्या दराने सांगतात. समजा ५०० अँपिअर-तास, म्हणजे १०० अँपिअरने पाच तास. याचा अर्थ ५०० अँपिअरने एक तास असा होत नाही. एका तासात रिकामा करायला गेलात तर हाती निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त लागतं, कारण आम्ल प्लेटच्या आतपर्यंत तेवढ्या वेगाने पोचत नाही. थोडा वेळ थांबलात की व्होल्टेज परत वर येतं. ते पाहून "अजून भरपूर आहे" असं वाटतं आणि पुढच्या चढावर फसगत होते. थांबलेल्या गाडीत दिसणारा व्होल्टेज निरुपयोगी. भार चालू असतानाचा आकडा वाचा.

अख्ख्या रांगेची ताकद सर्वांत कमजोर सेलएवढी. १५९ सेल ठणठणीत आणि एक थकलेला असेल तर तो आधी रिकामा होतो, आणि बाकीच्यांचा करंट त्यातून उलटा जात राहिल्याने त्याची ध्रुवता फिरते. तो तापतो, उकळतो, शेजारच्यांची झाकणं वितळवतो. एकूण व्होल्टेज मात्र फक्त तीन-चार व्होल्टने कमी दिसतं, ३२० मध्ये ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून हायड्रोमीटरने सेलवार विशिष्ट घनता लिहून ठेवायची. पूर्ण भरलेल्या ट्रॅक्शन सेलला साधारण १.२८, ऐंशी टक्के वापरल्यावर साधारण १.१४ च्या आसपास. तापमान दर अंशाला ०.०००७ ने फरक पाडतं, तेवढी दुरुस्ती करायची. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०३० ने मागे राहत असेल तर समतोल चार्ज द्या: मुख्य चार्ज संपल्यावर कमी करंटने काही तास. तरीही मागे राहिला तर बदला.

पाणी चार्जिंग संपल्यावर भरायचं, आधी नाही. चार्ज होताना आम्ल फुगतं. आधी काठोकाठ भरलं तर ते बाहेर येतं, खणाच्या तळाशी साचतं आणि तिथून इंजिनाच्या सांगाड्याला गळतीची वाट मिळते. आम्लाचा ओला थर हाच बॅटरी इंजिनातल्या जमीन-गळतीचा नेहमीचा गुन्हेगार. खण सोड्याच्या पाण्याने धुवा, पण सेलची झाकणं घट्ट बसवूनच. सोडा आत गेला तर सेल संपला.

हायड्रोजनचा हिशोब प्रत्येकाने एकदा स्वतः करावा. सेल भरत आल्यावर, म्हणजे साधारण २.४ व्होल्टच्या पुढे, जाणारा प्रत्येक अँपिअर-तास पाणी फोडण्यात जातो आणि दर सेलला ०.४२ लिटर हायड्रोजन सुटतो. १६० सेल म्हणजे ६७ लिटर. शेवटच्या टप्प्यात ४० अँपिअर चालू असेल तर तासाला सुमारे २.७ घनमीटर. हवेत ४ टक्क्यांवर तो पेट घेतो. सुरक्षिततेसाठी १ टक्क्याखाली ठेवायचा तर तासाला किमान २७० घनमीटर हवा खेळती हवी. खणांची दारं उघडी टाका, पंखा आधी, चार्जर नंतर. पंखा बंद पडला तर चार्जर आपोआप तुटेल अशी जोडणी असलीच पाहिजे. आणि चार्ज झालेलं इंजिन लगेच बोगद्यात पाठवू नका. सेल बुडबुडे सोडणं थांबायला वेळ घेतात.

---

पाऊलवाट

फार उपयुक्त माहिती. एक शंका: हल्ली डिझेल इंजिनांना धुराचे चांगले फिल्टर येतात. मग बॅटरीचा एवढा व्याप कशाला?

---

रूळमापक

पाऊलवाट, डिझेल वापरतात. ज्युबिली लाइनचा विस्तार १९९०च्या दशकात बांधला तेव्हा जर्मनीच्या शोमा कारखान्याची डिझेल इंजिनं आणली होती. बांधकामात करंटचा रूळच नसतो आणि तात्पुरते मोठे पंखे बसवलेले असतात, तिथे ती योग्य.

देखभालीत अडचण वेगळी. फिल्टर काजळी अडवतो, पण कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता अडवत नाही. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १० किलोवॅट-तास उष्णता. गाडी धावत असते तेव्हा तिच्याबरोबर हवा हलते. कामाची गाडी तास दोन तास एकाच जागी इंजिन चालू ठेवून उभी असते आणि नेमकी माणसं तिच्या भोवती असतात. शिवाय फिल्टर साफ होण्यासाठी धूर चांगला तापलेला लागतो. कमी भाराने सुस्त चालणाऱ्या इंजिनात तो तापतच नाही, फिल्टर तुंबतो, आणि मग ऐन बोगद्यात स्वच्छतेचं चक्र सुरू होतं.

---

चढउतार

आता ओढण्याचा हिशोब. माणसं इथे अंदाजाने बोलतात, म्हणून आकडे मांडतो.

लंडनच्या सेंट्रल लाइनचा मूळ भाग १९०० साली उघडला. त्याची स्टेशनं मुद्दाम उंचवट्यावर बांधलेली आहेत. येणारी गाडी ६० ला १ चा (६० मीटर अंतराला १ मीटर उंची) चढ चढते, त्यात तिचा वेग आपोआप कमी होतो, आणि निघणारी ३० ला १ च्या उतारावरून वेग घेते. प्रवासी गाडीला दोन्हीकडून फायदा. पण कामाची गाडी परत येताना त्याच बोगद्यातून उलट दिशेने येते. म्हणजे जो ३० ला १ चा उतार होता तो आता चढ, आणि तोही रात्र संपताना, बॅटरी दमलेली असताना.

समजा ५० टनांची दोन इंजिनं आणि भरलेल्या २५ टनांच्या सहा वाघिणी, एकूण २५० टन. ३० ला १ वर नुसतं वजन खाली ओढतं ते सुमारे ८२ किलोन्यूटन. त्यात चाकांचं आणि बेअरिंगचं घर्षण साधारण ६, एकूण ८८. ताशी १५ किलोमीटरने चढायचं तर चाकांवर सुमारे ३७० किलोवॅट. मोटरी आणि जोडण्यांतली घट धरली तर बॅटरीतून ४६० च्या आसपास. ३२० व्होल्टवर हे दोन्ही इंजिनांत मिळून १४०० अँपिअरच्या पुढे, म्हणजे दर इंजिनाला ७०० च्या वर. धनाग्र यांच्या १६० सेलच्या रांगेचा अंतर्गत रोध ०.०८ ओहम धरला तर तिथेच ५६ व्होल्ट पडतात. ३२० चे २६५ होतात. तेवढीच ताकद मिळवायला करंट आणखी वाढतो, व्होल्टेज आणखी पडतं. यावर उपाय एकच: वेग कमी करा. ताशी ८ ने चढलात तर करंट जवळपास निम्मा.

चाकाची पकड पाहू. कोरड्या रुळावर वजनाच्या २५ टक्के धरा, ओल्या किंवा धूळ-तेलाच्या रुळावर १५ टक्के. दोन इंजिनं मिळून १०० टन, म्हणजे ओल्या रुळावरही १४७ किलोन्यूटन. लागतात ८८, चाललं. एक इंजिन बंद पडलं की ओल्या रुळावर उरतात ७४. चाकं जागेवर फिरतील. इथे मोटरची ताकद वाढवून काही होत नाही.

---

खडीवाला

चढउतार यांच्या हिशोबात एक भर. सेंट्रलच्या उंचवट्याचा चढ लांब नाही. दोन इंजिनं आणि सहा वाघिणी मिळून गाडी शंभर मीटरच्या घरात जाते, म्हणजे सगळी गाडी एका वेळी ३० ला १ वर क्वचितच असते. पुढचा भाग सपाटीला लागतो तेव्हा मागचा अजून चढत असतो. थोडा वेग घेऊन आलात तर त्या जोरावर बरंच निभावतं.

खरी परीक्षा असते ती कामाची जागाच चढावर असेल तेव्हा. तिथून गाडी शून्यावरून हलवायची असते. बेअरिंग थंड, रुळावर कापलेल्या लोखंडाचा चुरा, पाण्याचा फवारा मारलेला. अशा जागी गाडी उभी करताना विचार करा: शक्य असेल तर इंजिनांची चाकं स्वच्छ रुळावर येतील असं उभं करा, आणि निघण्याआधी इंजिनाच्या पुढच्या दहा-पंधरा मीटर रुळाचा माथा पुसून घ्या. वाळू ट्यूबमध्ये शेवटचा पर्याय. ती चाक आणि रूळ यांच्यात थर करते आणि ट्रॅक सर्किटला (चालत्या रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखणाऱ्या यंत्रणेला) गाडी दिसेनाशी होऊ शकते.

एक इंजिन मेलं तर? गाडी तोडायची. उभ्या वाघिणींचे हातब्रेक आवळायचे, चाकांखाली पाचरी मारायच्या, उताराच्या बाजूने आधी, आणि हवेचा ब्रेक सोडून गाडी जागची हलत नाही हे पाहूनच कपलिंग काढायचं. चालू इंजिन निम्म्या वाघिणी घेऊन जाईल. पण दुसऱ्या फेरीला वेळ आहे का, हे आधी विचारा. नसेल तर मदतीचं इंजिन मागवा आणि पहाटेची सेवा उशिरा सुरू होणार हे तेव्हाच सांगा. असं कळवायला जितका उशीर, तितका गोंधळ मोठा.

ब्रेकबद्दल दोन ओळी. हवेचा ब्रेक कॉम्प्रेसरवर, कॉम्प्रेसर बॅटरीवर. एखाद्या नळीच्या तोंडाचं रबर फाटलेलं असेल तर रात्रभर कॉम्प्रेसर सुरू-बंद होत राहतो आणि परतीची वीज खातो. डेपोतच गळती चाचणी करा: नळी भरून पुरवठा तोडा आणि काट्याकडे पाहा. आणि तासन् तास उभ्या गाडीचा भरवसा हवेवर ठेवू नका. हवा झिरपते. पाचर झिरपत नाही.

---

पाऊलवाट

वाघिणी कोणत्या क्रमाने लावतात? आणि लांब रूळ वळणातून कसे नेतात?

---

खडीवाला

क्रम कामाच्या क्रमाने. आधी लागणारी वस्तू कामाच्या टोकाला. ट्यूबमध्ये गाडीच्या बाजूने धड चालताही येत नाही, मग सामान एका वाघिणीतून दुसरीत पलटणं विसरा. भंगारासाठी एक रिकामी वाघीण मध्ये ठेवायची. तिचा विसर पडला की जुना रूळ बोगद्यातच राहतो.

लांब जोडलेल्या रुळांची गंमत अशी की ते चांगले वाकतात, फक्त त्यांना सरकू द्यावं लागतं. वळणात वाघिणीच्या बाहेरच्या बाजूचा रूळ आणि आतल्या बाजूचा रूळ यांची वाट वेगळी होते. म्हणून प्रत्येक रूळ एकाच वाघिणीवर, साधारण मधल्या, घट्ट आवळतात. बाकी सगळ्या वाघिणींवर तो रोलरवर मोकळा, फक्त बाजूला जाऊ नये म्हणून खुंट्या. दोन ठिकाणी आवळला तर वळणात एक क्लॅम्प तुटतो, किंवा रिकामी वाघीण चाकावरून उचलली जाते. टोकांना रोधक भिंत हवीच, आणि तिथून रुळाच्या टोकापर्यंत मोकळी जागा.

निघण्याआधी भाराचा आडवा छेद मापाच्या चौकटीतून काढा. साखळीचं लोंबणारं टोक करंटच्या रुळाला घासलं तर काय होतं ते सांगायची गरज नाही.

---

ठिणगी

रूळ बदलण्याचं प्रत्यक्ष काम सांगते. कागदावर चार तास असले तरी करंट बंद होणं, तपासणी, शेवटची आवराआवर हे वजा केलं की हातात अडीच तास. शुक्रवार-शनिवारी रात्री २०१६ पासून लंडनच्या काही लाइन रात्रभर चालतात, तिथे त्या दोन रात्री हेही नाहीत.

१८ मीटरचा, मीटरला ६० किलोचा रूळ म्हणजे १,०८० किलो. खुणा आणि मापं आदल्या रात्रीच झालेली हवीत. क्लिपा (रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या) एक सोडून एक आधीच काढून ठेवायचा मोह होतो. करू नका, कारण मधल्या दिवसभर त्यावरून गाड्या जाणार आहेत. कापणी, उरलेल्या क्लिपा काढणं, जुना रूळ बाजूला. इथे चौथा रूळ, म्हणजे मधला ऋण रूळ, आड येतो. इतरत्र जुना रूळ दोन रुळांच्या मधोमध लोळवतात, लंडनमध्ये तिथे ऋण रूळ त्याच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसलेला असतो. एक इन्सुलेटर फुटला तरी सकाळी तिथे गळती. म्हणून रूळ उचलूनच न्यायचा, ढकलून नाही, आणि आधी इन्सुलेटरवर लाकडी खोकी पालथी घालायची.

नवा रूळ बसला की उंचीचा फरक मोजा. जुना माथा काही मिलिमीटर झिजलेला असतो. नवाकोरा रूळ लावलात तर पायरी तयार होते आणि प्रत्येक चाक तिच्यावर हातोडा मारतं. तेवढाच झिजलेला रूळ साठ्यातून निवडून आणणं हाच खरा उपाय. घासून उतार काढणं ही तडजोड.

ॲल्युमिनोथर्मिक वेल्डला (ॲल्युमिनियमच्या मसाल्याने वितळवलेलं लोखंड ओतून केलेला जोड) साधारण २५ मिलिमीटरची फट. साचा बसवणं, कडा लिंपणं, आधी तापवणं, ओतणं, काही मिनिटं थांबून वरचा फुगवटा कातरणं, मग घासणं. एका वेल्डला पाऊण ते एक तास, आणि वरून गाडी जाण्याआधी तापमान साधारण ३५० अंश सेल्सिअसच्या खाली यायला हवं. बोगद्यात साच्याचा आणि मसाल्याचा ओलावा हा मोठा शत्रू. ओल्या साच्यातून वाफ निघते, वेल्डमध्ये बुडबुडे राहतात, आणि ते वरून दिसत नाहीत. साचे बंद डब्यातून आणा, डबा जागेवरच फोडा.

वेल्ड बिघडला तर दुसऱ्याला वेळ नसतो. म्हणून फिशप्लेट (दोन रुळांची टोकं जोडणारी लोखंडी पट्टी) आणि क्लॅम्पचा संच गाडीत असलाच पाहिजे. जोड आवळा, वेगमर्यादा लावा, पुढच्या रात्री परत या. आणि रूळ कापल्यावर तुटलेली ट्रॅक सर्किटची जोडतार परत लावायला विसरू नका. सकाळी सिग्नल लाल अडकतो आणि सगळे सिग्नलवाल्यांना फोन करत बसतात.

---

रूळमापक

ठिणगीताई, उंचीच्या फरकाचा मुद्दा फार मोलाचा. यावर कुणी सहसा लिहीत नाही.

धनाग्र, लिथियमबद्दल तुमचं मत?

---

धनाग्र

चांगलंच, पण सेल बदलले आणि झालं, असं नाही. तीन गोष्टी बदलतात.

पहिली, वजन. शिसं जड असतं आणि इंजिनाला ते वजन पकडीसाठी हवंच असतं. हलकी बॅटरी घातली तर चढउतार यांच्या हिशोबातले ५० टन ४२ होतील आणि पकड त्याच प्रमाणात घटेल. काढलेल्या शिशाच्या जागी लोखंडाचे ठोकळे घालावे लागतात, आणि तेही चारही आसांवर सारखे.

दुसरी, इशारा. शिसे-आम्ल हळूहळू दमतं, गाडी सुस्त होते, चालवणाऱ्याला कळतं. लिथियम लोह फॉस्फेटचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट असतं आणि मग नियंत्रक एकदम तोडतो. चढावर मधोमध तोडला तर? म्हणून नियंत्रकाने आधी ताकद कमी करायची, तोडायचं सर्वांत शेवटी, आणि उरलेला साठा टक्क्यांत केबिनमध्ये दिसला पाहिजे. परतीच्या प्रवासाला लागणारा साठा आधी ठरवून, त्याखाली गेलं की काम थांबवायचं असा नियम हवा.

तिसरी, आग. हायड्रोजन गेला, पण सेल बिघडून तापला तर निघणारा वायू विषारी आणि पेट घेणारा, आणि बोगद्यात पळायला दोनच दिशा. खणात धूर आणि तापमान दोन्हींचे सेन्सर हवेत, आणि बॅटरी तुटल्यावरही हवेचा ब्रेक सोडता येईल एवढी वेगळी वीज, म्हणजे बिघडलेलं इंजिन ओढून बाहेर काढता येईल.

फायदा मोठा आहे: ७०० अँपिअरला क्षमता फारशी घटत नाही, उतारावर मोटरी ब्रेकचं काम करतात ती वीज परत घेता येते, आणि पाणी भरणं बंद.

---

चौथा_रूळ

धुळीचं राहिलं. बोगद्यातली धूळ मुख्यतः लोखंडाची: चाकं, रूळ, ब्रेक यांचा झिजलेला चुरा, त्यात कपड्यांचे तंतू आणि केस. लोखंड वीज वाहतं. इन्सुलेटरवर थर बसला, त्यात थोडा ओलावा आला, की करंटच्या रुळाची गळती सुरू. केस आणि तंतूंचे पुंजके ठिणगीने पेटतात.

लंडनने १९७०च्या दशकात १९३८ च्या ट्यूब डब्यांतून एक सफाई गाडी बांधली होती. मधल्या डब्यात फवारे आणि शोषनळ्या, बाजूच्या डब्यांत फिल्टर, आणि अगदी संथ गतीसाठी वेगळी हायड्रॉलिक चालना. नेहमीच्या मोटरी इतक्या मंद गतीने चालवल्या तर सुरुवातीच्या रोधकांत सगळी वीज उष्णता होऊन जाते आणि ते जळतात. संथ चालणं हा वेगळाच अभियांत्रिकी प्रश्न आहे, केबल टाकणाऱ्या गाड्यांनाही तोच येतो.

रूळ घासणाऱ्या गाडीनंतर त्याच रात्री चुरा शोषून घ्या. तो चुरा ताजा, टोकदार आणि ठिणग्यांबरोबर इन्सुलेटरवर चिकटलेला असतो. दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांनी तो सगळीकडे पसरतो.

---

पाऊलवाट

शेवटची शंका: करंट परत सोडण्याआधी नेमकं काय पाहतात?

---

चौथा_रूळ

क्रम उलटा. माणसं मोजून वर. हत्यारं यादीशी ताडून वर, पाना आणि क्लिपांसकट, कारण करंटचा रूळ आणि चालता रूळ यांच्यात आडवा पडलेला एक पाना पुरेसा. नव्या रुळाजवळच्या करंटच्या रुळाची उंची आणि बाजूचं अंतर मापपट्टीने. वाघिणींवरचा प्रत्येक पट्टा आवळलेला. शॉर्ट-सर्किट बार सर्वांत शेवटी काढायचा आणि त्याचा क्रमांक नियंत्रण कक्षाला वाचून दाखवायचा, नुसतं "काढला" चालत नाही.

गाडीला परत जाताना रुळावरची वीज हवी असेल तर शू करंट यायच्या आधी टेकवायचे. चालू रुळावर शू सोडला तर टेकताना विजेचा चाप (मोठी ठिणगी) पडतो आणि शूचं टोक जळतं. गाडी बॅटरीवरच बाहेर जाणार असेल तर शू वर बांधलेलेच ठेवा आणि हद्दीची फट ओलांडल्याचं कळवेपर्यंत करंट मागू नका.